झाकणाखालची काळी रेघ

नळवाल्या काकांच्या डोळ्यातलं प्रेशर अकरावरून सत्तावीसवर गेलं, तेव्हा ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मंगळवारची सकाळ होती. मंगळवार म्हणजे इस्पितळात काचबिंदूचा दिवस, बाकांवर तीळ ठेवायला जागा नाही. मोठ्या डॉक्टरांनी काकांचं प्रेशर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा तोच. मग त्यांनी दिव्याच्या यंत्रातून बराच वेळ डोळा न्याहाळला आणि खुर्ची मागे सरकवली.

"ऑपरेशनच्या जागेची फुगवटी बसलीय, पाणी निचरत नाहीये," ते म्हणाले. "वण धरायला लागला असणार. उद्या सकाळी परत थिएटरमध्ये घेऊ."

काकांच्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. ती शाळेची बस चालवायची. साठ पोरांचा दंगा पाठीशी घेऊन रहदारीतून सुखरूप गाडी काढणारी बाई, पण आता ती जेमतेम म्हणाली, "गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात ना, डोळा झकास आहे?"

"तेव्हा होताच," डॉक्टर म्हणाले. बाकी सारवासारव त्यांनी केली नाही. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात फायलींचा गठ्ठा छातीशी धरून फोटोताई उभ्या होत्या. "बरं झालं आलात. यांचा पुढून एक स्कॅन काढून ठेवा. फुगवटीचा. घाईचं काही नाही, नोंदीपुरता."

फोटोताई म्हणजे स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञ. इस्पितळात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. चौदा वर्षं त्यांनी एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले होते. रडणारी बाळं, डोळे मिटणारे म्हातारे, हसू नका म्हटलं की हमखास हसणारे नवरे, सगळी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला टाळं लागलं. इस्पितळात त्या आल्या त्या केसपेपर लिहायला. स्कॅनचं यंत्र आलं तेव्हा ते शिकायला पटकन कुणी पुढे येईना, आणि या उठून उभ्या राहिल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

नळवाल्या काकांना त्या ऑपरेशनच्या आधीपासून ओळखत होत्या. चाळीस वर्षं काकांनी लोकांच्या घरातले नळ, टाक्या आणि मोऱ्या दुरुस्त केल्या होत्या. एकदा काम करताना डाव्या डोळ्यात सिमेंटचा कण गेला, म्हणून त्यांनी तो डोळा हाताने झाकला, आणि समोरची भिंतच नाहीशी झाली. उजवा डोळा कधीचा गेला होता. त्यांना पत्ताच नव्हता. काचबिंदूचं असंच असतं. डोळ्यात सारखं पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निचरून जात असतं. निचरा मंदावला की आतलं प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची.

काकांची उरलेली नजर म्हणजे हा एक डावा डोळा. थेंबांनी प्रेशर उतरेना, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. ते फोटोताईंनी थिएटरच्या पडद्यावर पाहिलं होतं. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात डॉक्टरांनी नखावरच्या चंद्रकोरीएवढं झाकण कापलं, त्याखालून आत एक छिद्र पाडलं आणि झाकण तीन टाक्यांनी परत बसवलं. पाण्याने त्या झाकणाखालून झिरपत बाहेर यायचं, वरच्या पातळ आवरणाखाली साठून तिथे छोटीशी फुगवटी करायची आणि तिथून अंगात जिरून जायचं. टाके सैल पडले तर डोळा रिकामा होऊन मऊ पडतो, आवळले तर पाणी अडतं. केसाहून बारीक काळ्या दोऱ्याची गाठ मारताना डॉक्टरांचा हात त्यांनी पाहिला होता. साठीचा माणूस, पण बोटं अशी स्थिर की दोराच आपणहून गाठ घेतोय असं वाटावं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला ते तीन-तीनदा सांगितलं होतं. "अगं, मलाच ऑपरेशन करायला शिकवतेस की काय?" असं तो वैतागून म्हणाला होता.

आणि आता तेच ऑपरेशन फसलं म्हणायचं?

"या काका, बसा," स्कॅनच्या खोलीत त्या म्हणाल्या. "हे यंत्र डोळ्याला लागत नाही. नुसता उजेड आत जातो आणि डोळ्याचा उभा छेद पडद्यावर दिसतो. पाव कापल्यावर आतली जाळी दिसते ना, तसा."

"कापायचं नाही ना पण?"

"कापणारे वेगळे. मी नुसती बघणारी."

काका हसले नाहीत. हनुवटी पट्टीवर टेकवली आणि अंग ताठ केलं. पहिलं चित्र हललं, दुसरं हललं. तिसऱ्यात पापणीच मध्ये आली. चौथ्या वेळी फोटोताईंच्या लक्षात आलं की काकांनी श्वास रोखून धरलाय. घट्ट बसलेल्या नटावर पाना फिरवताना माणूस रोखतो तसा. वर शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं.

त्यांनी यंत्र थांबवलं. "काका, मागे टेका. वरचं बटण काढा आणि श्वास घ्या बघू. श्वास रोखला की डोळ्यातलं प्रेशर आणखी चढतं."

"असं होय?" काकांनी बटण काढलं. लांब श्वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगा. उद्या परत कापतील, मग परवा पुन्हा वण धरेल. असं किती वेळा? एकच तर उरलाय."

"ते डॉक्टर सांगतील, काका. मी काही डॉक्टर नाही."

"हो, तेही खरंच. पण मला एक कळत नाही." काकांचे हात मांडीवर होते. बोलताना त्यातला उजवा आपोआप वर आला आणि हवेतच काहीतरी फिरवू लागला. "टाकी भरलीय आणि पाणी बाहेर येत नाही, तर मी लगेच भिंत फोडत नाही. आधी बघतो, पाइप तुंबलाय की पुढची चावी आवळलीय. दोन्हीत बाहेर पाणी नसतंच. बाहेरून सारखंच दिसतं. पण इलाज वेगळा. चावी आवळलेली असताना भिंत फोडणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते तुमच्यासमोर सांगत नाही."

फोटोताईंना हसू आलं. हसता हसता त्या मध्येच थांबल्या.

कारण काका म्हणत होते ते बरोबर होतं. दिव्याखाली मोठ्या डॉक्टरांना फुगवटी वरून दिसत होती, आणि ती बसलेली होती. झाकणाखाली काय चाललंय ते वरून कुणालाच दिसणार नव्हतं. ते दिसलं तर इथेच, पडद्यावरच्या छेदात. नोंदीपुरतं म्हणून काढायचं तर एक आडवा छेद पुरे होता. त्यांनी ठरवलं, झाकण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं.

"काका, आता समोर नाही बघायचं. खाली बघा. भिंगाच्या खाली मी एक लाल कागदाचा ठिपका चिकटवलाय. दिसतो?"

"दिसतो."

"तेवढाच बघत राहा. पापणी मी उचलते. तुम्ही श्वास चालू ठेवा, आणि वाटल्यास बोला, पण हनुवटी हलवू नका."

पापणी उचलायची, पण डोळ्यावर बोटाचा भार पडू द्यायचा नाही, यातच सगळं कसब होतं. भार पडला की आतलं पाणी सरकतं आणि चित्र खोटं बोलतं. फोटोताईंनी पापणीची कड अंगठ्याने वर नेली आणि भुवईच्या हाडाला टेकवून धरली. दुसऱ्या हाताने यंत्राची दांडी. आडवे छेद घेतले, मग उभे. नाकाच्या बाजूकडून सुरुवात केली आणि केसभर केसभर सरकत कानाच्या बाजूला आल्या. काका पुटपुटत कुठल्याशा इमारतीच्या टाक्यांचा हिशेब सांगत होते. अकरा मिनिटं गेली. एकदाही डोळा हलला नाही.

मग त्यांनी चित्रं एकामागून एक पडद्यावर उघडली.

या चित्रांत पाणी काळं दिसतं. आतलं छिद्र काळं होतं, म्हणजे उघडं. तिथून निघालेली एक बारीक काळी रेघ झाकणाखालून वर येत होती. म्हणजे पाणी छिद्रातून बाहेर पडत होतं, झाकणाखाली पोचतही होतं. नाकाच्या बाजूला ती रेघ झाकणाच्या कडेपर्यंत आली होती, अगदी नाजूक, पण होती. कानाच्या बाजूला मात्र मध्येच थांबत होती. सुरीने कापावी तशी. तिथे झाकण खालच्या थराला गच्च चिकटून बसलं होतं. आणि वरचं आवरण? वण धरला असता तर ते पांढरंफटक आणि जाड दिसायला हवं होतं. हे तर स्पंजासारखं मोकळं होतं, बारीक बारीक काळ्या छिद्रांचं.

फोटोताईंनी कानाच्या बाजूचं चित्र परत उघडलं. चित्र काढायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही, हा त्यांच्या खोलीचा कायदा होता आणि नऊ वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. काका विचारत होते, "आलं का बरं?" त्या म्हणाल्या, "छान आलंय. थोडं बाहेर बसा," आणि जिना उतरून थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टरांसमोर एक आजीबाई बसल्या होत्या. "ठेवा फायलीत," ते मान वर न करता म्हणाले. "उद्या बघतो."

"सर, उद्या ते टेबलावर असतील."

आता मान वर झाली. एवढ्या वर्षांत फोटोताईंनी त्यांना उलटून उत्तर दिलं नव्हतं. ताईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "मला अर्थ सांगायचा नाही, सर. फक्त एकदा पाहा. पाच मिनिटं."

डॉक्टरांनी आजीबाईंकडे पाहिलं. आजीबाई म्हणाल्या, "जा बाबा, जा. मी कुठे पळून जातेय?"

ते जिना चढून आले, पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला. एक चित्र, दुसरं, तिसरं. कानाच्या बाजूच्या चित्राशी आल्यावर हात थांबला.

"डोळा दाबला गेला नव्हता ना?"

"नाही सर. पापणी हाडाला टेकवून धरली होती."

"परत काढा. माझ्यासमोर."

यात अविश्वास नव्हता, हे फोटोताईंना कळलं. एकच डोळा उरलेल्या माणसाचा निर्णय ते एका चित्रावर घेणार नव्हते. काका परत आले, बसले, बटण आपणहून काढलं. ताईंनी परत छेद घेतले. रेघ परत तिथेच थांबली.

डॉक्टरांनी एक स्टूल ओढलं आणि काकांच्या समोर बसले. लेकीलाही आत बोलावलं.

"मी चुकलो होतो," ते म्हणाले. "वण धरलाय असं मला वाटलं. तसं दिसत नाहीये. त्या दिवशी टेबलावर पाणी जरा जोरात यायला लागलं होतं, म्हणून मी कानाच्या बाजूचा टाका मुद्दाम घट्ट घेतला. तो अजून तितकाच घट्ट आहे. पाणी झाकणाखाली येतंय आणि तिथे अडतंय."

काकांनी एक डोळा बारीक केला. "म्हणजे चावी?"

"चावी," डॉक्टर म्हणाले. फोटोताईंकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, हे काय म्हणून. ताईंनी मान हलवली, नंतर सांगते.

"मग भिंत फोडायची नाही ना साहेब?"

"फोडायची नाही. तो एक टाका लेझरने तोडायचा. दिव्याच्या यंत्रावर बसूनच. एकच तोडणार. दोन तोडले तर डोळा एकदम रिकामा होईल. पण वण धरायच्या आत करायला हवं. आणखी दोन-तीन आठवडे गेले असते, तर तोडूनही उपयोग नव्हता."

लेकीने विचारलं, "आत्ता? लगेच?"

"आत्ताच."

फोटोताई कधी लेझरच्या खोलीत जात नसत. त्या दिवशी डॉक्टरांनीच त्यांना थांबायला सांगितलं. काकांच्या डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले गेले. डॉक्टरांनी एक लहानसं भिंग डोळ्यावर टेकवलं, आवरण हलकेच दाबलं गेलं आणि त्याखाली काळा दोरा दिसायला लागला. त्यांनी पायाने बटण दाबलं. टिक् असा आवाज झाला. तेवढंच. दोऱ्याची दोन टोकं अलग झाली. काका म्हणाले, "सुरू करा की," आणि डॉक्टर म्हणाले, "झालं." लेक हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंड फिरवून रुमाल डोळ्यांना लावला.

तासाभराने प्रेशर बारा होतं. फोटोताईंनी परत छेद घेतले. कानाच्या बाजूची रेघ आता कडेपर्यंत गेली होती, आणि तिच्यावर, आवरणाखाली, काळ्या पाण्याची एक छोटी खोली उघडली होती. त्यांनी सकाळचं आणि दुपारचं चित्र शेजारी शेजारी लावलं. मोठे डॉक्टर त्यांच्या खांद्यामागून बघत होते.

"तीस वर्षं मी फुगवटी वरून बघतोय," ते म्हणाले. "आणि वरून बघून मी बरोबरही असतो, बऱ्याचदा. पण हा तो बऱ्याचदातला नव्हता." मग थोडं थांबून, "तुम्ही जिना उतरून आलात, हे फार बरं केलंत."

फोटोताईंनी यंत्राची काच पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रेशर तेरा होतं, आठवड्याने बारा. डॉक्टरांनी त्यानंतर एक नियमच करून टाकला. काचबिंदूचं ऑपरेशन झालेला प्रत्येक डोळा पहिल्या, तिसऱ्या आणि बाराव्या आठवड्यात फोटोताईंकडे जायचा, आणि चित्र बघितल्याशिवाय पुढचा निर्णय व्हायचा नाही. सहा महिन्यांत एकेचाळीस डोळे झाले. त्यातल्या तिघांचं दुसरं ऑपरेशन टळलं. दोघांचं उलट झालं. त्यांचं प्रेशर छान होतं, वरून सगळं आलबेल होतं, पण छेदात आवरण जाड व्हायला लागलेलं दिसलं. त्यांना वेळेवर औषधाचं इंजेक्शन मिळालं आणि फुगवटी वाचली.

या एकेचाळीस डोळ्यांबद्दल शनिवारच्या डॉक्टरांच्या बैठकीत सांगायचं होतं. मोठे डॉक्टर उभे राहिले, पहिलं चित्र पडद्यावर आलं, आणि ते खाली बसले. "हे चित्र ज्यांनी काढलं, त्याच सांगतील," ते म्हणाले. फोटोताईंना याची आधी कल्पना होती. कागद घेऊन त्या पुढे गेल्या. समोर वीस-बावीस डॉक्टर, त्यातले निम्मे त्यांच्या मुलाच्या वयाचे. पहिली दोन वाक्यं त्यांनी कागदावरून वाचली. तिसऱ्याला कागद खाली ठेवला आणि पापणी कशी धरायची ते स्वतःच्याच डोळ्यावर करून दाखवलं. मग अर्धा तास त्या थांबल्याच नाहीत. एका तरुण डॉक्टरने विचारलं, "रुग्ण डोळा स्थिर ठेवतच नसेल तर?"

"तर यंत्र बंद करायचं आणि त्याच्याशी बोलायचं," त्या म्हणाल्या. "माणूस उगाच हलत नाही. त्याला भीती वाटत असते. ती काय आहे ते आधी विचारायचं."

मागच्या रांगेत मोठे डॉक्टर वहीत काहीतरी लिहून घेत होते.

त्याच महिन्यात नळवाले काका सहाव्या महिन्याच्या तपासणीला आले. प्रेशर तेरा. मागच्या नसेचा स्कॅन आधीच्या स्कॅनशी ताडून पाहिला. जे गेलं होतं ते गेलंच होतं, पण नव्याने तसूभरही गेलं नव्हतं. शिडीवर चढायचं काम काकांनी सोडून दिलं होतं. आता ते दुकानात बसून शिकाऊ लोकांना सल्ले द्यायचे, आणि लेकीच्या म्हणण्याप्रमाणे न मागताही द्यायचे. आपल्या डोळ्याच्या दोन चित्रांची एकेक प्रत त्यांनी मागून घेतली होती आणि दुकानात नळांच्या नमुन्यांशेजारी टांगली होती. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मग काका सगळं सांगायचे, आणि शेवटी विचारायचे, "तुम्ही कधी तपासलाय डोळा? नाही ना? मग नळ नंतर घ्या."

"अशाने नऊ जण पाठवलेत त्यांनी इथे," लेक म्हणाली. "दुकान चालतंय की इस्पितळ, कळत नाही."

"त्यातल्या दोघांना निघालाय काचबिंदू," फोटोताई म्हणाल्या. "अगदी सुरुवातीचा. थेंबांवर भागतंय."

काका खूश झाले, पण तोंडावर दाखवलं नाही. खुर्चीवरून उठले, टोपी घातली. लेकीने सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि जिन्याकडे निघाले. बारा पायऱ्या होत्या. कठडा उजव्या बाजूला होता, जिकडून त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी मान जराशी वळवली, डाव्या डोळ्याने पहिली पायरी नीट पाहून घेतली आणि उतरायला लागले. लेक दोन पायऱ्या मागे राहून, हात आपल्याच पदराशी घट्ट धरून, त्यांना उतरू देत होती.